पदवीधर टेकू

आमच्या गावात मी पहिला बी.ए. झालो तेव्हा माझा जाहीर सत्कार झाला. नारळ, टॉवेल आणि हेडमास्तरांचं भाषण, या क्रमाने. शाल आणायची असं ठरलं होतं म्हणे, पण टॉवेल रोज उपयोगी पडतो असं एका विचारी माणसाने सुचवलं आणि ते सर्वांना पटलं. हेडमास्तर म्हणाले, शिक्षण हा माणसाचा आधार असतो आणि शिकलेला माणूस चार जणांचा आधार होतो. टाळ्या वाजल्या. वडिलांनी डोळे पुसले. हेडमास्तरांचे शब्द खरे व्हायला फार दिवस लागले नाहीत. बेंगळुरात, चामराजपेटेतल्या एका अंगणात, लॉरीच्या पुढच्या बंपरवर उभा राहून, दोन्ही हात डोक्यावर ताणून, मी तिच्या बॉनेटला आधार देत होतो. चार जणांचा नव्हे, पण वजनाने ते चार जणांएवढंच होतं.

बेंगळुरला मी कसा पोचलो ते सांगायला हवं. आमचं गाव निपाणीच्या पलीकडे. वडील तंबाखूच्या वखारीत पोती मोजायचे. बेंगळुरात आमचे एक नातेवाईक होते, इतक्या लांबचे की नातं सांगताना वडिलांना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. ते घराणं शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि परतीचा हुकूम अजून न मिळाल्यामुळे तिथेच थांबलं होतं. घरात मराठी बोलत, पण निम्मे शब्द कानडी. त्या घरच्या कर्त्या पुरुषाला सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. कुणाच्या तरी लग्नात अण्णांनी वडिलांना निरोप दिला, "मुलगा शिकलाय तर पाठवा. इथे नोकरी लागेपर्यंत आमच्या घरी राहील. मी सौदे करतो, माझ्या हाताखाली राहील."

सौदे करतो! वडिलांनी आळीभर सांगितलं की मुलगा बेंगळुरला मोठ्या व्यापाऱ्याकडे चाललाय, तिथे सौदे होतात. मीही गाडीत बसून सगळ्या वाटेवर सौद्यांचाच विचार केला. सौदा करताना माणसाने कसं बसावं, कधी गप्प राहावं, कधी उठायचं नाटक करावं. चामराजपेटेत उतरून दारात गेलो तर लाकडांनी भरलेली एक लॉरी उभी आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. ते अण्णांचे. कानडीत सौदे म्हणजे सरपण. बेंगळुरातल्या घरोघरच्या चुली आणि न्हाणीघरातले बंब अण्णांच्या सौद्यांवर पेटत होते.

आम्ही सीमेवरचे लोक. कानडी आपल्याला येतं अशी आमची प्रामाणिक समजूत असते. मी ते शाळेत शिकलो नव्हतो. बाजारात, बैलगाडीवानांच्या ओरडण्यातून उचललं होतं. ते कुठलं कानडी आणि बेंगळुरचं कुठलं, हे मला सौद्यांपासून कळायला लागलं. घरी मात्र मी पत्रात 'सौदे उत्तम चालले आहेत' असंच लिहीत राहिलो. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

आता लॉरी. लढाई संपल्यावर फौजेने जे काही विकायला काढलं त्यात ती होती. अण्णांच्या मते ती ब्रह्मदेशात लढून आली होती. पुरावा म्हणून ते डाव्या दारावरचा पोचा दाखवत. तो गोळीचा होता. अक्का म्हणत की तो त्यांच्या डोळ्यांदेखत एका म्हशीने पाडला. मी दोघांचं अन्न खात होतो, त्यामुळे तो पोचा गोळी लागलेल्या म्हशीने पाडला असावा असं माझं मत होतं.

अण्णांचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे शिंपी. अण्णाही पंचेचाळिशीपर्यंत मशीनवर बसले. मग एक दिवस ती लॉरी त्यांनी पाहिली आणि त्यांचा जन्म कशासाठी झाला ते त्यांना कळलं. मशीन अक्कांकडे आली. अक्का झंपर शिवत आणि अण्णा हेब्बाळच्या पलीकडून लाकूड आणत. हेब्बाळ तेव्हा म्हणजे एक तळं, थोडी शेतं आणि पुष्कळ थंडी. लॉरी तिथून भरून निघाली की गरम होई, गरम झाली की बंद पडे, आणि बंद पडली की बॉनेट उघडावं लागे. बंद न पडताही रोज सकाळी अंगणात ते उघडलं जाईच. काही लोक सकाळी उठून देवघर उघडतात, तसं.

ते बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं होतं. बिजागऱ्या मागे, काचेपाशी. तोंड पुढे, रेडिएटरच्या वर. जाड पत्र्याचा एकसंध जबडा. पुढच्या कड्या सोडून तो वर ढकलायचा आणि मग प्रश्न यायचा की आता तो वर राहणार कशावर. फौजेने त्याला एक दांडी दिली असणार. एका बाजूला तिच्या बिळाची खूण होती. पण ती दांडी बहुधा ब्रह्मदेशातच शहीद झाली.

मागे लॉरीभर लाकूड आणि पुढे टेकू द्यायला एक काठी नाही, हे मी पहिल्याच दिवशी अण्णांच्या ध्यानात आणून दिलं. मला वाटलं, शिकलेला माणूस घरात आल्याचा फायदा त्यांना ताबडतोब दिसेल.

"काठी?" अण्णा म्हणाले. "लढाईत गेलेली गाडी ही. काठी टेकायला म्हातारी झाली काय?"

"पण अण्णा, हात किती वेळ धरणार?"

"काठीला कान आहेत?"

"नाहीत."

"मग! इंजिन चालू झालं की सगळं हलतं. काठी सरकते, पडते. तिला हाक मारता येते? 'ए काठी, धर नीट, माझं डोकं आत आहे,' असं सांगता येतं? माणसाला सांगता येतं. माणूस ऐकतो. तू बी.ए., एवढं कळत नाही?"

या युक्तिवादाला उत्तर होतं, पण ते देण्याइतका मी त्या घरात जुना झालो नव्हतो. मी बंपरवर चढलो. त्या क्षणापासून माझं त्या घरातलं नावही ठरलं. "ए बी.ए., धर!" अशी हाक आली की मी हातातलं असेल ते ठेवून, अगदी तोंडातला घास गिळून, अंगणात धावायचो. पदवीचा एवढा रोजचा उपयोग फार थोड्या लोकांना होत असेल.

या कामाची एक शिस्त होती, ती अण्णांनी मला नीट समजावून दिली. त्यांचं डोकं आणि हात आत असेपर्यंत मी हलायचं नाही, शिंकायचं नाही, रस्त्यावरून कोण चाललंय ते बघायचं नाही. त्यांचं काम झालं, दोन्ही हात बाहेर आले की ते म्हणणार, "सरी." बेंगळुरात सरी म्हणजे ठीक, बरोबर, झालं. सरी ऐकलं की बॉनेट खाली. सरी ऐकेपर्यंत आभाळ कोसळलं तरी बॉनेट वर.

मला हे पाठ करायला थोडा त्रास झाला, त्याचं कारण आमच्याकडचे बैलगाडीवान. आमच्या बाजारात गाडीवान "सरी! सरी!" ओरडत येतो तेव्हा तो तुमचं काही बरोबर आहे असं म्हणत नसतो. बाजूला व्हा, नाहीतर चाकाखाली याल, असं तो म्हणत असतो. आणि मराठीत तर 'सर' म्हणजे सरकच. पहिल्या दिवशी अण्णा "सरी" म्हणाले तेव्हा मी चटकन बाजूला उडी मारली होती. सुदैवाने बॉनेट अजून उघडलं नव्हतं. अण्णा खूप हसले. "अय्यो, तुमच्याकडे सरी म्हणजे पळ होय? म्हणून तुमच्याकडचे लोक पळून इकडे येतात." मग त्यांनी ते अक्कांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि कॉफी प्यायला जो येईल त्याला सांगत राहिले.

अक्का हसल्या नाहीत. अक्का बॉनेटच्या बाबतीत कधीच हसत नसत. त्यांचा थोरला भाऊ एका मोटार कंपनीत होता. बसच्या बॉनेटखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो शिंप्याच्या घरातला. कात्री धरायची बोटं गेली म्हणजे काय गेलं, ते अक्कांना कुणी सांगायला नको होतं. लॉरी दारात आली त्या दिवशी, तिच्यापुढे नारळ फुटल्यावर, सगळ्यांच्या देखत अक्का म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी हे बॉनेट कुणाच्या हातावर पडेल त्या दिवशी ही लॉरी माझ्या दारात राहणार नाही."

बायका असं बोलतात, असं कुणी म्हणालं असतं, पण लॉरी अक्कांच्या नावावर होती. अण्णांच्या पत्रिकेत वाहनयोग वाईट आहे असं एका ज्योतिषाने सांगितल्यामुळे अण्णांनीच ती तशी घेतली होती. ज्योतिषी अगदीच चुकला असं म्हणता येत नाही. गाडी त्यांची कधी झालीच नाही. ती अक्कांच्या शब्दावर दारात उभी होती, आणि अण्णा ते जाणून होते. बॉनेट खाली घेताना ते एखाद्या तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं घेत. शेवटचं वीतभर मात्र सोडून द्यावं लागे, नाहीतर कड्या लागत नसत. ते धाडकन् बसलं की आतल्या खोलीतली शिलाई मशीन क्षणभर थांबे. अण्णा मोठ्याने म्हणत, "काही नाही, काही नाही! बंद केलं!" मग मशीन पुन्हा सुरू होई.

लॉरी विकली जाण्याची आणि ती आपल्याला मिळण्याची वाट पाहणारा एक माणूसही होता. तो म्हणजे आमचा लाकूड वखारवाला. अण्णा ज्याच्या वखारीत सौदे उतरवत तोच. त्याला अक्कांची अट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, कारण नारळाचा प्रसाद त्याने खाल्ला होता. तो आठवड्यातून दोन-तीनदा कॉफीला येई, अंगणात खुर्ची टाकून बसे, आणि आमच्या कामाकडे अशा आपुलकीने पाही की मला घाम फुटे. मला तो "बी.ए. कंब" म्हणे. कंब म्हणजे खांब.

"खांब चांगला मिळाला हो तुम्हाला," मलाही समजावं म्हणून तो अण्णांना मोडक्या हिंदीत म्हणे. "कॉलेजचा खांब. पण कॉलेजचा खांब पोकळ असतो ना?"

अण्णा म्हणत, "पोकळ असला तर कान तरी आत असतील."

या वाक्यावर दोघेही खूश होत. मी वर बघत उभा असे. बॉनेटच्या आतल्या बाजूला रंग नव्हता, नुसता गंज होता, आणि तो गंज डोळ्यांत पडू नये म्हणून मी डोळे अर्धे मिटून घेत असे. बाहेरून पाहणाऱ्याला ते ध्यानासारखं दिसत असणार. नोकरीसाठी माझे अर्ज चालू होतेच. एका कारखान्यात कारकुनांच्या जागा निघणार असं ऐकत होतो. मुलाखतीत अनुभव विचारला तर काय सांगायचं याचा मी बॉनेटखाली विचार करत असे. 'जबाबदारी पेलण्याचा' एवढंच सुचे.

मी कुरकुरत होतो असं वाटू देऊ नका. ज्या घराने मला फुकट ठेवून घेतलं, ताटात पहिली भाकरी मला वाढली, थंडीत स्वतःची गोधडी मला दिली, त्या घरासाठी बॉनेट धरणं म्हणजे काहीच नव्हतं. मला खरोखर तसं वाटे. फक्त खांद्यांना तसं वाटत नसे.

घटना घडली ती एका सकाळी. लॉरी उभी राहिली की धापा टाकायची आणि मग बंद पडायची. अण्णांचं म्हणणं, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवायला हवा. पण किती, ते कानाने ठरवायचं. इंजिन चालू ठेवायचं, एकाने स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्याने आवाज ऐकायचा. ऐकणारा कान अर्थातच अण्णांचा. शिवाय अण्णांचा हात जाडजूड, तो त्या सांदीत जाईना. त्यांनी माझा हात धरून उलटसुलट पाहिला.

"लेखणी धरणारा हात. हा जाईल. आज तू आत, मी वर."

म्हणजे बढती मिळाली. मी मडगार्डवर वाकलो, डावा हात बॉनेट जिथे बसतं त्या पुढच्या कडेवर टेकवला आणि उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. अण्णा बंपरवर चढून बॉनेट धरून उभे राहिले. वखारवाला खुर्चीत होताच. अक्का आत मशीनवर. इंजिन सुरू झालं आणि अंगणातल्या इतर सगळ्या आवाजांची गरज संपली.

"फिरव!" अण्णा ओरडले.

मी फिरवला.

"स्वल्प! स्वल्प फिरव!" थोडा, म्हणजे.

मी स्वल्प फिरवला. इंजिनाची धाप जरा कमी झाली. अण्णांनी तो आवाज ऐकण्यासाठी मान पुढे घातली, आणि त्यांच्या पोटाची सावली बरोबर त्या स्क्रूवर पडली. मला खाच दिसेना. स्क्रूड्रायव्हर निसटून बाजूच्या तापलेल्या पाइपवर खटखटू लागला, आणि पलीकडे पंखा फिरत होता. मला एवढंच हवं होतं की अण्णांनी उजव्या अंगाला जरासं व्हावं. वडीलधाऱ्या माणसाला 'सरका' म्हणणं बरं नव्हे, म्हणून मी आदराने, शिवाय बेंगळुरी शब्द वापरून, जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडलो.

"अण्णा, स्वल्प सरा!"

इंजिनाच्या आवाजात यातलं काय त्या सुप्रसिद्ध कानापर्यंत पोचलं ते उघडच आहे.

"सरी!" अण्णा समाधानाने म्हणाले, आणि बॉनेट खाली घेऊ लागले.

त्यांनी ते नेहमीसारखंच हळू घेतलं. हे मी आजही शपथेवर सांगेन. पाळण्यात पोर ठेवावं तसं. माझी पाठ झाकली गेली, उजेड गेला, आणि मला प्रथम वाटलं की ढग आले. मग पत्र्याचं वजन खांद्यावर आलं. मी खांदा आणि उजवा हात बाहेर ओढून घेतला, स्क्रूड्रायव्हर पुढच्या कडेवर आडवा पडला. तेवढ्यात अण्णांनी ते शेवटचं वीतभर, शिस्तीप्रमाणे, सोडून दिलं.

मी ओरडलो ते कुठल्या भाषेत, ते सांगता येणार नाही. यावेळी मात्र ते सगळ्यांना कळलं. अण्णांनी बॉनेट असं वर फेकलं की ते मागे काचेवर आदळलं. डावा हात मी बाहेर काढला तेव्हा चार बोटांवरून एक खोल पांढरी रेघ गेली होती, आणि ती बघता बघता लाल, मग निळी व्हायला लागली. स्क्रूड्रायव्हरचा लाकडी दांडा मध्ये आडवा आला नसता तर बघायला रेघ राहिली नसती, बोटंही नसती. अण्णांनी हात घालून इंजिन बंद केलं.

मशीनही बंद होती. अक्का दारात उभ्या होत्या, गळ्यात टेप तशीच.

वखारवाला खुर्चीतून उठला. एवढ्या लगबगीने उठताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "बित्तु!" तो म्हणाला. "अम्मा, बॉनेट बित्तु! मी डोळ्यांनी बघितलं!" बित्तु म्हणजे पडलं. त्याने ते तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगताना तो लॉरीकडे बघत होता, माझ्या हाताकडे नाही.

ज्यांना प्रत्येक गोष्टीवर युक्तिवाद सुचे ते अण्णा टोपी काढून हातात धरून उभे होते. मी त्यांना बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. डोक्याला मधोमध टक्कल होतं, आणि ते एकदम फार म्हातारे दिसले. लॉरीकडे ते बघत नव्हते. मला वाटतं, तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

अक्कांनी माझा हात हातात घेतला. एकेक बोट वाकवून पाहिलं. मी कळवळलो, पण बोटं वाकली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पडलं?"

बस, एवढंच. माझ्या उत्तरावर लॉरी जाणार होती किंवा राहणार होती, हे अंगणातल्या चौघांनाही कळत होतं. शाळेत आम्हाला सत्याचे धडे भरपूर होते. ज्याचं अन्न खाल्लं त्याला फसवू नये, असाही एक धडा होता. पण अन्न दोघांचं खाल्लं असेल तर काय करावं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

"नाही अक्का," मी म्हणालो. "पडलं नाही. अण्णांनी ठेवलं."

"ठेवलं?"

"मी म्हणालो 'सरा'. उजेडातून बाजूला व्हा म्हणून. त्यांना ऐकू आलं 'सरी'. म्हणून त्यांनी ठेवलं. हळूच ठेवलं."

अक्का अण्णांकडे वळल्या. "तुम्ही ठेवलंत?"

"ठेवलं," अण्णा म्हणाले.

"शुद्धीवर होतात?"

"होय."

"हा आत असताना."

"सरी म्हणाला न्हवे तो..." अण्णांचा आवाज कुठेतरी खाली गेला.

वखारवाला मध्ये पडला. "पडलं काय, ठेवलं काय, हात तर गेला ना?"

"हात आहे," अक्का म्हणाल्या. मग त्याला समजावं म्हणून कानडीत, एकेक शब्द सुटा करून, त्या म्हणाल्या, "बीळलिल्ला. इट्टरु." पडलं नाही, ठेवलं. "अट पडण्याची होती. तुमची कॉफी संपली काय?"

वखारवाल्याची कॉफी संपली होती. तो गेला. जाताना त्याने लॉरीच्या मडगार्डवर हात फिरवला. परगावी चाललेल्या जावयाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली. त्यांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. आम्हा दोघांनाही अक्का अजून पुरत्या कळलेल्या नव्हत्या.

"पडलं असतं तर लॉरी विकली असती आणि विषय संपला असता," हळद उगाळता उगाळता त्या म्हणाल्या. "पत्रा आहे, पडतो. पण तुम्ही ठेवलंत. म्हणजे आता मला पत्र्याची नाही, तुमची व्यवस्था करायला पाहिजे. काठीला कान नाहीत म्हणत होतात ना तुम्ही? तेच बरं. तिला उलटंसुलटं ऐकू तरी येत नाही."

अण्णा म्हणाले, "लढाईतल्या गाडीला कुबडी..."

"लढाईत पाय गेलेली माणसं कुबडी घेतातच की. आणि पोचा म्हशीचा आहे."



दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतः लोहाराला बोलावलं. आमची मदत त्यांनी घेतली नाही. मी हातावर हळदीचा लेप बांधून ओट्यावर बसलो होतो आणि अण्णा लॉरीच्या मागे, जणू मागच्या चाकाचं काहीतरी महत्त्वाचं काम निघालंय असे. अक्कांनी लोहाराला सांगितलं ते झंपराचं माप सांगावं तसं. लोखंडाची एक जाड दांडी. खालचं टोक बिजागरीने लॉरीच्या अंगालाच पक्कं, म्हणजे ती हरवणार नाही. वरचं टोक बॉनेटला लावलेल्या कड्यात जाणार, आणि कड्याच्या आरपार एक पिन. "पिन साखळीने बांध," अक्का म्हणाल्या. "या घरात लहान वस्तू टिकत नाहीत." काम नसेल तेव्हा दांडी बाजूला मिटून एका खोबणीत बसणार. लोहाराने विचारलं, पिन कशाला, दांडी कड्यात बसली की झालं. अक्का म्हणाल्या, "इंजिन चालू झालं की सगळं हलतं." हे वाक्य त्यांनी कुठे ऐकलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. लॉरीच्या मागून खाकरण्याचा आवाज आला.

दांडी बसल्यावर अक्कांनी बॉनेट वर करवलं, पिन स्वतः घातली आणि दोन्ही हातांनी ते खाली दाबलं. हललं नाही. मग लोहाराला लोंबकळायला लावलं. तो लोंबकळला. मग अण्णांना इंजिन चालू करायला सांगितलं आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. इंजिन धापा टाकत राहिलं, सगळी लॉरी थरथरत राहिली, शेजारपाजारचे लोक जमले, पिनेची साखळी नाचत राहिली, पण पिन आपल्या जागेतून सुटली नाही. अक्का आत जाऊन कॉफी करून आल्या तेव्हाही बॉनेट वरच होतं, आणि त्याच्याखाली कुणीही उभं नव्हतं.

"आता जा आत," त्या अण्णांना म्हणाल्या.

अण्णा वाकले, आणि डोकं आत घालायच्या आधी त्यांनी सवयीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर बसलो होतो. मी दोन्ही हात वर केले, एक बांधलेला, एक मोकळा. अण्णा हसले आणि आत वाकले.

अशा रीतीने माझी जागा एका लोखंडी दांडीने घेतली. वाईट वाटलं असं म्हणवत नाही. मला कामावरून काढण्याचे मार्ग पुढच्या आयुष्यात बऱ्याच साहेबांनी शोधले, पण इतकी सरस व्यक्ती माझ्या जागी कुणीच आणली नाही. ती दांडी जेवत नव्हती, शिंकत नव्हती, कुठल्याही भाषेत तिला काही सांगावं लागत नव्हतं. हात बरा झाल्यावर अक्कांनी मला अर्ज करायला बसवलं, रोज, मशीनच्या शेजारी, आणि त्या पावसाळ्याआधी मी कारकून झालोही. वडिलांना मी कळवलं की सौदे सोडले. त्यांना थोडं वाईट वाटलं.

वखारवाला येत राहिला. दांडीकडे तो असं बघे जसं लोक दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघतात. एकदा कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने पिन ओढून पाहिली, आणि अण्णांनी त्याला इतक्या गोड आवाजात "असू द्या, असू द्या" म्हटलं की त्याने ती परत जागेवर घातली.

मी त्या घरात आणखी काही वर्षं राहिलो. कचेरीतून आल्यावर अंगणात बसायचो. अण्णा कड्या सोडायचे, बॉनेट वर ढकलायचे, दांडी उचलायचे. नेमकं त्या वेळी आतली मशीन थांबायची.

"पिन?"

"घातली."

"ओढून बघितली?"

मग साखळीचा एक बारीक आवाज यायचा. "बघितली," अण्णा म्हणायचे, आणि त्यानंतरच मशीन सुरू व्हायची.